साथीच्या काळात पाळणाघर बंद राहिलं तर फी किती घ्यायची, किती परत द्यायची?

पाळणाघर_जळगाव

नमस्कार मंडळी. जूनच्या प्रवेशांआधी पाळणाघराचं नियमपत्र नव्याने लिहायला घेतलंय. बाकी सगळं जमलं, एकाच कलमावर गाडी अडलीय: साथीचा आजार आला आणि प्रशासनाने बंदचा आदेश काढला, तर फीचं काय?

जुन्या कागदावर एकच ओळ आहे, ‘कोणत्याही कारणाने पाळणाघर बंद राहिल्यास फी परत मिळणार नाही.’ ही ओळ २०२० च्या आधीची. बंद किती लांबू शकतो हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आज ती तशीच ठेवणं पालकांवर अन्याय आहे. उलट ‘बंद काळात फी नाही’ असं लिहिलं तर मावश्यांचा पगार पहिल्याच महिन्यात थांबतो. त्या एकदा दुसरीकडे कामाला लागल्या की पाळणाघर पुन्हा उघडणं अवघड होतं, कारण मुलं त्यांच्याच अंगाखांद्यावर सरावलेली असतात.

माहिती अशी: मुलं २४, वय १ ते ६. सोमवार ते शनिवार, सकाळी ९ ते संध्याकाळी ६.३०. फी महिना ३,५०० रुपये, त्यात नाश्ता, दूध आणि दुपारची खिचडी किंवा वरणभात. अनामत एका महिन्याची. वर्षाची फी एकदम भरली तर अकरा महिन्यांचे म्हणजे ३८,५०० घेतले जातात. तीन मावश्या आणि एक अर्धवेळ स्वयंपाकीण. ४ वर्षांवरच्या मुलांना दुपारी दीड तास बालवाडीसारखं शिकवलं जातं, त्याची फी वेगळी नाही. पालक एमआयडीसीतले, दवाखान्यातल्या सिस्टर, बँकेतले, शिक्षक, दाणाबाजारातले दुकानदार. निम्मे पालक फी रोखीने देतात.

बंद काळात किती टक्के फी रास्त? आदेश नसताना पालकांनीच घाबरून मूल घरी ठेवलं तर? वर्षाची फी आधीच भरलेल्यांना परतावा कसा मोजायचा? आणि एका मुलाला गोवर किंवा कांजिण्या निघाल्या तर सगळं पाळणाघर बंद करावं लागतं का? नेमकं सांगा, आकड्यांसकट.

हिशोबवही_अमळनेर

ताई, कलम लिहायच्या आधी खर्चाचे दोन ढीग करा. एक, दार बंद असलं तरी जाणारा खर्च. दुसरा, मूल आलं तरच होणारा. तुमच्या आकाराच्या पाळणाघराचा नमुना धरतो, खरे आकडे तुम्ही भरा.

बंद असतानाही जाणारा: भाडं १४,०००. तीन मावश्या प्रत्येकी १२,००० प्रमाणे ३६,०००. स्वयंपाकीण ६,०००. विजेचा स्थिर आकार, इंटरनेट, विमा मिळून २,०००. बेरीज ५८,०००.

मूल आलं तरच होणारा: खाणंपिणं मुलामागे ४५० म्हणजे १०,८००. साबण, फिनेल, कागद-रंग ३,२००. वापरलेली वीज २,५००, एप्रिल-मे मध्ये कूलरमुळे जास्तच. बेरीज १६,५००.

जमा ८४,०००, खर्च ७४,५००, तुमच्या हाती उरतात ९,५००. फीच्या टक्क्यांत मांडलं तर स्थिर खर्च ६९ टक्के, चालू खर्च जवळपास २० टक्के, तुमची मिळकत ११ टक्के. पूर्ण फी घेतली तर न शिजलेल्या खिचडीचे पैसे तुम्ही घेताय. फी घेतलीच नाही तर महिन्याला ५८,००० ची खोट येते. म्हणजे रास्त आकडा शून्य आणि ६९ टक्क्यांच्या मधे कुठेतरी आहे. स्थिर खर्च सगळाच्या सगळा पालकांवर टाकला तर पहिला महिना निभेल, दुसऱ्या महिन्यात मुलं काढली जातील. बंद काळात पालकांचंही उत्पन्न हललेलं असतं, आणि मूल सांभाळायला घरचं कुणीतरी काम सोडून बसलेलं असतं.

म्हणून पायऱ्या ठेवा. बंदचे पहिले ७ कामाचे दिवस: फक्त खाण्याचे पैसे वजा. आठव्या ते तिसाव्या कामाच्या दिवसापर्यंत: निम्मी फी. एकतिसाव्या दिवसापासून: २५ टक्के, तेही ज्यांना जागा राखून ठेवायची आहे त्यांच्याकडूनच.

निम्म्याचा आकडा हवेतून आलेला नाही. २४ मुलं गुणिले १,७५० म्हणजे ४२,०००, आणि तीन मावश्या व स्वयंपाकीण यांचा पगार बरोबर ४२,०००. हे नियमपत्रात उघड लिहा: बंद काळातल्या फीतून आधी पगार जातील, मग बाकीचं. पैसा कुठे जातो हे दिसलं की पालक हात आखडता घेत नाहीत.

गणित फसतं कुठे? सगळे फी देतील असं धरलं की. २४ पैकी १८ जणांनीच दिली तर जमा ३१,५००, पगारातच १०,५०० कमी पडले. शिवाय भाडं आहेच. त्यासाठी चालू महिन्यांतच राखीव रक्कम बाजूला काढा: आहे त्याच फीतून मुलामागे १५०, म्हणजे महिन्याला ३,६००, वर्षाला ४३,२००. तीन महिन्यांचं भाडं त्यात निघतं. ती रक्कम वेगळ्या बचत खात्यात किंवा मोडता येईल अशा आवर्ती ठेवीत ठेवा. भिशीत नको. आपल्याकडे भिशी चटकन सुचते, पण साथीत सगळ्यांना एकदमच पैसा लागतो, हप्ते थांबतात आणि तुमचा नंबर यायच्या आत भिशीच मोडते.

पालकांची अनामत हा तुमचा पैसा नव्हे. तिची पावती वेगळी, शक्य तर खातंही वेगळं. अनामत भाड्यात वापरली आणि दहा मुलं एकदम निघाली तर ३५,००० उभे करावे लागतील, तेही हातात काही नसताना.

काळाकोट_धुळे

वरचा हिशोब पक्का आहे. कायद्याच्या अंगाने सांगते.

‘कोणत्याही कारणाने फी परत नाही’ ही ओळ काढाच. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ५६ प्रमाणे करारातलं काम करणं अशक्य झालं तर करार निरर्थक होतो, आणि कलम ६५ सांगतं की अशा कराराखाली ज्याने काही लाभ घेतला त्याने तो परत करावा किंवा भरपाई द्यावी. पण सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये सत्यब्रत घोष प्रकरणात स्पष्ट केलं आहे की अमुक घडलं तर काय करायचं हे करारातच लिहिलेलं असेल, तर प्रकरण कलम ५६ मध्ये जात नाही, करारातल्या त्या अटीप्रमाणे चालतं. म्हणून हे कलम लिहून ठेवण्याला एवढी किंमत आहे. लिहिलं नाही तर दोन्ही बाजू आपापल्या सोयीचा अर्थ काढतात.

टक्क्यांबद्दल एक आधार बऱ्याचदा चुकीचा दिला जातो. ३ मे २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, इंडियन स्कूल, जोधपूर विरुद्ध राजस्थान राज्य. त्यात २०२०-२१ च्या फीत १५ टक्के कपात सांगितली, कारण शाळा बंद असल्याने वीज, पाणी, देखभाल यांचा खर्च वाचला होता. आपल्या राज्याने १२ ऑगस्ट २०२१ च्या शासन निर्णयाने २०२१-२२ साठी तेवढीच कपात लावली. हे दोन्ही शाळांचं आहे. शाळा ऑनलाइन शिकवत होत्या, म्हणून कपात १५ वर थांबली. दीड वर्षाच्या मुलाला मोबाइलवरून सांभाळता येत नाही, तेव्हा ‘कोर्टाने १५ टक्केच सांगितलेत, ८५ टक्के भरा’ हा युक्तिवाद पाळणाघराने करू नये. निकालातलं तत्त्व मात्र घ्यावं: जो खर्च वाचला तो पालकाला परत.

आता ‘बंद’ हा शब्द. सगळे वाद याच्याच पोटात असतात, म्हणून त्याचे प्रकार पाडा.

पहिला, प्रशासनाचा आदेश. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ किंवा साथरोग अधिनियम, १८९७ यांच्या आधारे जिल्हाधिकारी किंवा महापालिका आयुक्त काढतात. जळगाव आणि धुळ्याला महापालिका आहे, त्यामुळे शहराला एक आदेश आणि तालुक्याला दुसरा असं होऊ शकतं. आदेशाची भाषा नीट वाचा. ‘शाळा, महाविद्यालये, खासगी शिकवण्या, अंगणवाड्या’ असं लिहून येतं आणि पाळणाघर हा शब्दच नसतो. अशा वेळी अंदाजाने उघडं ठेवू नका की बंदही करू नका. ज्या कार्यालयाने आदेश काढला तिथे लेखी विचारा आणि पोच घ्या. आदेश मोडल्यास आपत्ती कायद्याच्या कलम ५१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, मोडण्यामुळे जीवितहानी झाली तर दोन वर्षांपर्यंत. या प्रकारात वरच्या पायऱ्या लागू.

दुसरा, आरोग्य अधिकाऱ्याच्या लेखी सल्ल्याने ठरावीक दिवस बंद. पायऱ्या याच.

तिसरा, आदेश नाही, सल्ला नाही, संचालिकेने स्वतःच्या निर्णयाने बंद ठेवलं. इथे फी घेऊ नये. पहिल्या दिवसापासून पूर्ण वजावट. पालकांच्या विश्वासासाठी हे ठळक लिहा.

चौथा, पाळणाघर उघडं आहे, पालकांनी मूल घरी ठेवलं. सेवा तयार होती, जागा अडलेली होती, त्यामुळे फी लागते, खाण्याचे पैसे तेवढे सोडा. पण यातच एक पोटप्रकार आहे आणि तो हमखास विसरला जातो: मुलाची गल्ली किंवा इमारत प्रतिबंधित क्षेत्रात गेली आणि पाळणाघर मात्र क्षेत्राबाहेर, उघडं. पालक मनाने थांबलेला नाही, त्याला अडवलंय. त्या मुलापुरता पहिला प्रकार लावा.

पहिल्या सात दिवसांच्या जवळपास पूर्ण फीबद्दल एक सुधारणा. ‘सेवा नसताना फी’ असं ते दिसू नये. वार्षिक सुट्ट्यांच्या यादीतच लिहा: ‘दिवाळी ५, इतर सण ९, आणीबाणीचे राखीव दिवस ७, हे धरूनच मासिक फी ठरवलेली आहे.’ प्रवेशाच्या वेळी सांगितलेली आणि सही घेतलेली गोष्ट वेगळी, नंतर काढलेलं फर्मान वेगळं. हे सात दिवस वर्षातून एकदाच मोजायचे, प्रत्येक बंदला नव्याने नाही.

भाड्याचं एक. जागा भाडेपट्ट्यावर असेल तर कलम ५६ चा आसरा मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये राजा ध्रुव देव चंद प्रकरणात सांगितलं आहे. पाळणाघर बंद म्हणून भाडं आपोआप थांबत नाही. लिव्ह अँड लायसन्स नव्याने होईल तेव्हा ‘सरकारी आदेशाने वापर बंद राहिल्यास त्या काळात निम्मं शुल्क’ अशी अट घरमालकाशी बोलून घाला आणि करार नोंदवा. पालकांसाठी जे लिहिताय तेच घरमालकाकडे मागायला संकोच करू नका.

पालक_भुसावळ

पालकांच्या बाजूने सांगतो. भुसावळला रेल्वे, आयुध निर्माणी, दीपनगरचं वीज केंद्र अशा नोकऱ्या, पाळी बदलती. पाळणाघर बंद झालं तरी कामावर जावंच लागतं, त्यामुळे टक्क्यांइतकाच ‘कधी कळवणार’ हा मुद्दा मोठा आहे. आदेश आल्यापासून २४ तासांत कळवायचं, सोबत आदेशाची प्रत, बंदची तारीख, आणि फीचा हिशोब कधी देणार ती तारीख, असं नियमपत्रात असू द्या.

रोखीच्या फीची पावती हा सगळ्यात कच्चा दुवा. ‘काकू, पैसे ठेवले बरं का’ म्हणत डब्याखाली ठेवलेले पैसे बंद काळात कुणालाच सिद्ध करता येत नाहीत. पावतीवर मुलाचं नाव, महिना, रक्कम आणि फी आहे की अनामत हे लिहिलेलं हवं. ५,००० च्या वर रोख असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट. यूपीआयने दिलं तर शेऱ्यात महिना लिहायचा, नाहीतर जुलैची फी ऑगस्टमध्ये धरली जाते.

वर्षाची फी भरलेल्यांचा परतावा दोन तऱ्हांनी निघतो आणि फरक पडतो. समजा पाच महिन्यांनी मूल काढलं. ३८,५०० भागिले १२ म्हणजे महिना ३,२०८ रुपये ३३ पैसे. उरलेल्या सात महिन्यांचे २२,४५८. पण संचालिकेने वापरलेले पाच महिने पूर्ण दराने धरले, ३,५०० गुणिले ५, तर परत येतात २१,०००. फरक १,४५८. पालक आपखुशीने मधेच सोडत असेल तर दुसरी रीत चालेल, सवलत पूर्ण वर्षासाठी होती. बंदमुळे सोडत असेल तर पहिली रीतच रास्त. दोन्ही लिहून ठेवा.

आणि ‘पुढच्या महिन्यात वळती करू’ एवढ्यावर भागवू नका. मूल जूनमध्ये पहिलीत जाणार असेल तर पुढचा महिना येतच नाही. वळती की परत, हे पालकाने निवडावं. परत म्हटलं तर ३० दिवसांत.

नोकरदार पालकांनी आणखी एक बघावं. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय द्यायची असते, मातृत्व लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने ते आलं. कंपनी बाहेरच्या पाळणाघराची फी भरून देत असेल तर बंद काळातली कमी फीची पावती वेगळी मागा, नाहीतर कंपनीच्या हिशोबात अडकाल. आयकरात जुन्या प्रणालीत शिक्षण शुल्काची वजावट घेता तेव्हाही तेच: प्लेस्कूल, नर्सरीचं शिक्षण शुल्क चालतं, नुसत्या सांभाळाची फी नाही, आणि परत मिळालेली रक्कम आधी वजा करावी लागते.

काळाकोट_धुळे

पालक भाऊंच्या शेवटच्या मुद्द्याला धरून: ताई, बालवाडीच्या दीड तासाची फी पावतीवर वेगळी दाखवा. समजा ३,५०० पैकी ६०० शिकवण्याचे, बाकी सांभाळाचे. दोन कारणं. शिक्षण ही ग्राहक कायद्यातली ‘सेवा’ आहे का यावर वाद आहे, राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० मध्ये शिक्षणसंस्थांना त्याबाहेर ठेवलं, शिकवणी वर्गांना नाही. मूल सांभाळणं मात्र सरळ सेवा आहे. शिवाय बंद काळात फक्त शिकवण्याचा भाग दुरून देता येतो. जुलै २०२० च्या राज्याच्या सूचनांत पूर्व-प्राथमिकला सोमवार ते शुक्रवार रोज ३० मिनिटं, तीही पालकांशी संवाद आणि मार्गदर्शनासाठी, अशी मर्यादा होती. तेवढं खरोखर दिलंत तर ६०० पैकी काही मागा. व्हॉट्सअ‍ॅपवर रंगवायचं चित्र टाकलं म्हणून २,९०० मागणं टिकणार नाही.

वाद झालाच तर पालकांचा रस्ता असा. आधी लेखी मागणी, स्पीड पोस्टाने, १५ दिवसांची मुदत. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, बरीच प्रकरणं इथेच मिटतात. मग जिल्हा ग्राहक आयोग, पालक राहतात त्या जिल्ह्यातही तक्रार चालते. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील बंधनकारक नाही, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. फीच्या परताव्याची तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते. ‘करारच अनुचित आहे’ अशी तक्रार राज्य आयोगाकडे जाते, तिथे गल्लत झाली की महिने वाया जातात.

आरोग्यसेविका_शहादा

एका मुलाला आजार निघाला की सगळं बंद, असं नसतं. त्यासाठी तयारी मात्र आधीपासून लागते.

२४ मुलांचे १२-१२ चे दोन गट करा. खोली वेगळी, मावशी वेगळी, ताटल्या-पेले-खेळणी वेगळी, झोपायच्या सतरंज्या नाव घालून. गट एकत्र जेवले किंवा संध्याकाळी एकाच खोलीत घ्यायला थांबले की वेगळेपणाला अर्थ राहत नाही. चूक नेमकी तिथेच होते, ५ नंतर मुलं कमी झाली म्हणून एकत्र बसवली जातात. गट नीट पाळले तर एक खोली बंद होते, दुसरी चालू राहते, आणि फीचा प्रश्न निम्म्या मुलांपुरता उरतो. तिसरी मावशी दोन्हीकडे फिरती ठेवू नका, तिला स्वयंपाकघर आणि दाराजवळची तपासणी द्या.

घरी किती दिवस ठेवायचं ते आजारावर. गोवर: अंगावर पुरळ उठल्यापासून चार दिवस. कांजिण्या: सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत. हात-पाय-तोंडाचा आजार: ताप उतरून फोड सुकेपर्यंत, साधारण आठवडाभर. त्यासाठी पाळणाघर बंद करायची सहसा गरज नसते. गोवराचा संशय आला तर मात्र त्याच दिवशी नागरी आरोग्य केंद्राला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. नोव्हेंबर २०२२ मध्ये शेजारच्या मालेगावात गोवराची साथ होती, आपल्याकडची जा-ये तिकडे रोजची आहे. प्रवेशाच्या वेळी लसीकरण कार्डाची झेरॉक्स घ्या: गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. दुसरा राहिलेल्या मुलांची यादी भिंतीवर नको, फाइलला ठेवा, आणि पालकांना उपकेंद्रातला लसीकरणाचा वार सांगा.

जंतुनाशकाचं प्रमाण. बाजारात मिळणारं हायपोक्लोराइट ५ टक्क्यांचं असेल तर उलटी-शी सांडलेल्या जागेसाठी एक भाग द्रावण, चार भाग पाणी, म्हणजे १ टक्का. खेळणी, टेबल, दाराच्या कड्यांसाठी लिटरला २० मिली, म्हणजे ०.१ टक्का. आधी साबणाने मळ काढायचा, मग द्रावण दहा मिनिटं, तोंडात जाणारी खेळणी नंतर साध्या पाण्याने धुवायची. रोज ताजं करा. आपल्याकडच्या उन्हात पत्र्याखाली ठेवलेली बाटली लवकर जोर गमावते, म्हणून लहान बाटल्या घ्या आणि सावलीत ठेवा. संडासाच्या अ‍ॅसिडबरोबर कधीही मिसळू नका, विषारी क्लोरिन वायू सुटतो. हात-पाय-तोंडाच्या आजारावर सॅनिटायझर फारसा चालत नाही, साबण-पाणीच हवं.

हे बंदच्या कलमाला असं जोडा: कुठल्या आजारात किती दिवस घरी, ही यादी नियमपत्राच्या मागच्या पानावर. त्या दिवसांत मूल आलं नाही तर तो आजारपणाचा खाडा, बंद नव्हे. आणि आजारपणाच्या खाड्याला दंड किंवा जादा काही लावू नका. पैसे जातील या भीतीने तापातलं मूल क्रोसिन पाजून पाठवलं जातं आणि दुपारी औषध उतरलं की खोलीभर लागण होते. फीचा नियम असा असावा की आजारी मूल घरी ठेवणं पालकाला परवडेल.

पाळणाघर_जळगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. पोटप्रकार आणि राखीव दिवस तर डोक्यातच नव्हते. मसुदा टाकते, चुका काढा.

‘सरकारी आदेशाने किंवा आरोग्य अधिकाऱ्यांच्या लेखी सल्ल्याने पाळणाघर बंद राहिल्यास: वर्षातील पहिले ७ कामाचे दिवस हे राखीव दिवस असून त्या दिवसांचा फक्त खाण्याचा खर्च वजा होईल. ८ ते ३० व्या दिवसापर्यंत निम्मी फी. ३१ व्या दिवसापासून पालकांनी जागा राखायची की सोडायची हे लेखी कळवावे. जागा राखल्यास २५ टक्के. सोडल्यास अनामत व शिल्लक फी ३० दिवसांत परत, आणि पुन्हा सुरू झाल्यावर जागा असेल तर प्रवेश शुल्काशिवाय प्राधान्य. बंद काळातील फीतून प्रथम मावशींचे पगार दिले जातील. संचालिकेच्या स्वतःच्या निर्णयाने बंद असल्यास त्या दिवसांची फी घेतली जाणार नाही.’

दिवसाची फी काढताना ३० ने भागायचं की २६ ने? आणि अर्ध्या क्षमतेने उघडायची परवानगी मिळाली तर?

हिशोबवही_अमळनेर

२६ ने भागा आणि आकडा नियमपत्रात छापा, महिना कोणताही असो. नाहीतर फेब्रुवारीत एक दर, मार्चमध्ये दुसरा, आणि दरवेळी तोंड देत बसायचं. ३० ने भागलं तर दिवसाला ११७ येतात, २६ ने १३४ रुपये ६२ पैसे. रविवार तुमच्या सेवेत नाहीच, मग तो भाजकात का?

उदाहरण करून दाखवतो, हेच कागदावर ठेवा. २६ कामाच्या दिवसांच्या महिन्यात ६ दिवस उघडं, २० दिवस बंद. उघड्या ६ दिवसांचे ८०७ रुपये ६९ पैसे. राखीव ७ दिवसांचे ९४२.३१, त्यातून खाण्याचे रोजचे १७ प्रमाणे ११९ वजा, उरले ८२३.३१. पुढच्या १३ दिवसांचे निम्म्याने ८७५. एकूण २,५०६. पालकाने ३,५०० आधीच भरले असतील तर ९९४ त्याच्या नावावर जमा. खाण्याचे १७ कुठून आले तेही लिहा, ४५० भागिले २६. निम्म्या फीत खाणं वेगळं वजा करायचं नाही, ते त्यात आलेलंच आहे. हा दुहेरी वजावटीचा घोळ घाईत होतो.

अर्धी क्षमता म्हणजे एका दिवशी १२ मुलं, एकाआड एक दिवस. पगार-भाडं तेच, चालू खर्च निम्मा: ५८,००० अधिक ८,२५० म्हणजे ६६,२५०. पूर्ण वसूल करायचं तर मुलामागे २,७६०, अर्ध्या दिवसांसाठी ते कुणी देणार नाही. ६५ टक्के म्हणजे २,२७५ घ्या, जमा ५४,६००, तूट ११,६५० महिन्याला. ४३,२०० ची राखीव रक्कम अखंड असेल तर साडेतीन महिने निघतात. पण बंद काळातलं भाडं त्याच रकमेतून गेलेलं असेल तर आधी ते वजा करा आणि मगच परवानगीच्या दिवशी उघडायचं की आठवडाभर थांबायचं ते ठरवा. रोज यावंच लागणारी मुलं कोणती, दवाखाना, पोलीस, एसटी, रेल्वेतल्या पालकांची, ही यादी आत्ताच करून ठेवा. ती मुलं रोज येतील आणि पूर्ण फी देतील, तेवढी तूट कमी.

काळाकोट_धुळे

मसुद्यात तीन दुरुस्त्या. प्रतिबंधित क्षेत्रातल्या मुलाचं वाक्य राहिलंय, ते घाला. ३१ व्या दिवशी पालकाने काहीच कळवलं नाही तर काय, हे लिहा. मी म्हणेन, लेखी आठवण देऊन ७ दिवस थांबा, तरी उत्तर नाही तर जागा सोडली असं धरा आणि अनामत परत करा. गप्प बसलेल्याच्या नावावर २५ टक्के चढवत राहिलात तर ती थकबाकी वसूल होत नाही, भांडण मात्र उभं राहतं. तिसरं, वार्षिक फीवाल्यांच्या परताव्याच्या दोन रीती त्यात नाहीत, पालक भाऊंनी दिलेलं उदाहरण तसंच उचला.

प्रत्येक पानावर आई किंवा वडिलांची सही, तुमची सही, तारीख, आणि एक प्रत पालकाच्या हातात. आधीपासून असलेल्या मुलांना नवं कलम मागच्या तारखेने लागत नाही, त्यांच्याकडून नव्याने सही घ्या.

पाळणाघर_जळगाव

तिन्ही घातल्या. मागच्या पानावर आजारांची यादी आणि २,५०६ चं उदाहरणही घेतलंय. जुन्या पालकांची बैठक शनिवारी ५ वाजता ठेवते, मुलांचे दोन्ही गट वेगवेगळ्या खोल्यांत बसवून.